स्क्रिप्टची निरवानिरव

मी ३४ वर्षें शाळेंत शिकविलें. त्या काळांत मुलांच्या डोक्यांत गणित किती उतरलें तें मुलेंच जाणोत. परंतु एक गोष्ट मीं आग्रहानें शिकविली, ती अशी कीं, शेवटची घंटा झाली म्हणजे वर्ग संपत नाहीं. फळा पुसावयाचा, खिडक्यांच्या कड्या लावावयाच्या, पंखा बंद करावयाचा, आणि हजेरीपट सही करून कचेरींत पोंचवावयाचा. एवढें झालें म्हणजे वर्ग संपला. निवृत्तीनंतर संगणकाशीं माझा परिचय झाला आणि तेथें हाच धडा मला विद्यार्थी होऊन पुन्हा गिरवावा लागला. त्याची फी मला जबर पडली. ती कशी पडली आणि आपणांस ती कशी टाळतां येईल, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम, स्क्रिप्ट म्हणजे काय तें पाहूं. संगणकाला काम दोन रीतींनीं सांगतां येतें. एक रीत चित्रांवर बोट ठेवण्याची. ती सर्वांच्या परिचयाची आहे. दुसरी रीत टर्मिनल नांवाची खिडकी उघडून तींत आज्ञा टंकण्याची. ह्या आज्ञा ऐकून त्या अमलांत आणणाऱ्या कारभाऱ्यास शेल म्हणतात. १९७९ सालीं बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीव्हन बोर्न यांचा शेल बाहेर आला. १९८९ सालीं ब्रायन फॉक्स यांनीं लिहिलेला बॅश हा त्याचाच वारस, आणि आज लिनक्सच्या असंख्य यंत्रांवर तोच कारभार पाहतो. रोज त्याच दहावीस आज्ञा टंकण्याचा कंटाळा आला म्हणजे त्या एका फाईलींत एकाखालीं एक लिहून ठेवावयाच्या आणि शेलला सांगावयाचें, "ही यादी वाच व तशी वाग." आई बाजाराला निघालेल्या मुलाच्या हातांत यादी देते, तशीच ही यादी. तिलाच स्क्रिप्ट म्हणतात.

माझी स्क्रिप्ट वीस ओळींची होती. माझ्या आत्यांस जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. जातें घरांतून जाऊन चाळीस वर्षें झालीं, तरी ओव्या त्यांच्या ओठांवर होत्या. आठवड्यांतून दोन वेळां मी त्यांच्याजवळ बसे आणि त्या म्हणतील तें फोनवर ध्वनिमुद्रित करी. घरीं येऊन तें संगणकावर उतरवून घेई, आणि रात्रीं ११ वाजतां ही स्क्रिप्ट आपोआप चालून त्या सर्वांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवी. तिचा क्रम असा: तात्पुरतें फोल्डर करावयाचें, त्यांत ध्वनिमुद्रणें गोळा करावयाचीं, त्यांचें एक गाठोडें बांधावयाचें, तें दुसऱ्या डिस्कवर न्यावयाचें, आणि शेवटीं तात्पुरतें फोल्डर पुसून टाकावयाचें. एक काम चालू असतांना दुसरें सुरू होऊं नये म्हणून आरंभीं मी "काम चालू आहे" अशा अर्थाची एक रिकामी फाईल निर्माण करीत असें. जणूं दारावर लावलेली पाटीच. पाटी दिसली कीं, दुसऱ्यानें मुकाट्यानें परत जावें. काम संपलें कीं, शेवटच्या ओळींत पाटी काढावी.

एका रात्रीं काम चालू असतांनाच वीज गेली. संगणक बंद पडला. शेवटची ओळ आलीच नाहीं. पाटी दारावर तशीच राहिली. दुसऱ्या रात्रीं स्क्रिप्ट आली, तिनें पाटी पाहिली, आंत कोणी काम करीत आहे असें समजून ती परत गेली, आणि जातांना "सर्व ठीक आहे" असें सांगून गेली. तिसऱ्या रात्रीं तेंच. अशा २२ रात्री गेल्या. नंतर पहिली डिस्क नादुरुस्त झाली. मी निर्धास्त मनानें दुसरी डिस्क उघडली, तों तींत २२ दिवसांपूर्वींची प्रत! मधल्या काळांत आत्यांच्या सहा बैठका झाल्या होत्या, आणि शेवटच्या बैठकीनंतर चारच दिवसांनीं आत्या गेल्या होत्या. त्या सहा बैठका आतां कोठेंही नाहींत.

दोष यंत्राचा नव्हता. दोन चुका माझ्या होत्या. स्क्रिप्ट जातांना मागें काय ठेवून जाते याचा मीं विचार केला नव्हता, ही एक. आणि जातांना ती काय सांगून जाते याचा विचार केला नव्हता, ही दुसरी. या दोहोंचाच आतां क्रमानें विचार करूं. आधीं दुसरीचा, कारण ती सोपी आहे.

शेलच्या राज्यांत प्रत्येक आज्ञा संपतांना आपल्या धन्यास एक आंकडा सांगून जाते. शून्य म्हणजे काम फत्ते. १ पासून २५५ पर्यंत कोणताही आंकडा म्हणजे कांहींतरी बिघडलें. शून्य मिळालें म्हणजे यश, हें मास्तरच्या कानाला प्रथम विपरीत वाटतें! पण त्यांत युक्ति आहे. उत्तर बरोबर येण्याचा प्रकार एकच, चुकण्याचे प्रकार शंभर. म्हणून एक आंकडा यशाला आणि बाकीचे सर्व अपयशाच्या निरनिराळ्या कारणांना वांटून दिले आहेत. १२७ म्हणजे त्या नांवाची आज्ञाच सांपडली नाहीं; १२६ म्हणजे सांपडली पण चालवितां येत नाहीं. नुकत्याच संपलेल्या आज्ञेचा आंकडा पाहावयाचा असेल तर डॉलरचें चिन्ह व त्याला चिकटून प्रश्नचिन्ह लिहिलें म्हणजे तो हातीं येतो.

आतां स्क्रिप्टचा स्वतःचा आंकडा कोणता? आपण स्पष्ट सांगितला नाहीं, तर तींतील शेवटल्या आज्ञेचा जो आंकडा तोच. माझ्या स्क्रिप्टनें पाटी पाहिली, "काम चालू आहे, परत जातें" असें एक वाक्य नोंदीच्या फाईलींत लिहिलें, आणि मग नुसतें "एक्झिट" म्हटलें. वाक्य लिहिण्याची आज्ञा यशस्वी झाली होती. म्हणून सबंध स्क्रिप्टचा निकाल शून्य! चोर आला नाहीं असें नव्हे, तर पहारेकऱ्यानें आपली जांभई व्यवस्थित दिली, एवढाच त्या शून्याचा अर्थ होता. तेव्हां पहिला नियम असा कीं, मधूनच परत जावयाचें असेल तेथें "एक्झिट" या शब्दापुढें आंकडा लिहावा. काम झालें नसेल तर तो शून्य नसावा.

याला जोडून आणखी एक गोष्ट. यादींतली एखादी आज्ञा फसली, तरी शेल स्वभावतः पुढच्या आज्ञेकडे वळतो. प्रत करतांना डिस्क भरून गेली, तरी पुढची "मूळ पुसून टाक" ही आज्ञा तो निर्विकारपणें पाळील. हें नको असेल तर स्क्रिप्टच्या आरंभीं "सेट" ही आज्ञा उणेचिन्ह व ई या अक्षरासह लिहितात. मग पहिल्या अपयशाला स्क्रिप्ट थांबते. मात्र तिच्यावर सगळा भार टाकूं नये. "जर अमुक झालें तर" अशा वाक्यांत तपासली जाणारी आज्ञा फसली, तर ती अपयश मोजीत नाहीं. महत्त्वाच्या आज्ञेचा निकाल आपण स्वतः पाहावा हेंच उत्तम.

आतां मागें राहणाऱ्या पसाऱ्याकडे वळूं. आवराआवर शेवटच्या ओळींत लिहिली म्हणजे झालें, असें मला वाटे. पण स्क्रिप्टचा शेवट चार रीतींनीं होतो. सर्व ओळी पुऱ्या होऊन, ही पहिली रीत. कांहीं चुकलें म्हणून मधल्याच "एक्झिट" वरून, ही दुसरी. बाहेरून कोणी थांबविल्यामुळें, ही तिसरी. आणि वीज जाणें किंवा तसाच अकस्मात् घाला, ही चौथी. शेवटच्या ओळींतली आवराआवर फक्त पहिल्या रीतीच्या उपयोगी पडते. आणि त्या वेळीं सर्व सुरळीत असल्यामुळें तिची निकडही सर्वांत कमी असते!

बाहेरून थांबविण्याचे संदेश ठराविक आहेत. त्यांस सिग्नल म्हणतात व प्रत्येकास क्रमांक आहे. कंट्रोल व सी ह्या कळी एकदम दाबल्या म्हणजे इंट हा २ क्रमांकाचा सिग्नल जातो. "किल" ही आज्ञा नुसती दिली तर टर्म हा १५ क्रमांकाचा जातो. "आतां आवरतें घ्या" ही त्याची भाषा. टर्मिनलची खिडकीच मिटली तर हप हा १ क्रमांकाचा जातो. ह्या नांवाचें मूळ मोठें मौजेचें आहे: पूर्वीं दूरचा संगणक टेलिफोनच्या तारेवरून वापरीत, आणि पलीकडच्यानें रिसीव्हर खालीं ठेवला म्हणजे हा सिग्नल येई. शेवटचा किल नांवाचाच, ९ क्रमांकाचा. तो मात्र कोणाचें ऐकून घेत नाहीं. सिग्नलनें एखादें काम संपलें, तर शेल त्या क्रमांकांत १२८ मिळवून निकाल सांगतो. म्हणून १३० दिसला तर कोणी कंट्रोल-सी दाबलें, १४३ दिसला तर टर्म आला, १३७ दिसला तर नऊ क्रमांकाचा घाव बसला, असें ओळखावें.

ह्या सर्व प्रसंगांसाठीं शेलमध्यें "ट्रॅप" नांवाची आज्ञा आहे. शब्दाचा अर्थ सापळा. पण मला ती मृत्युपत्रासारखी वाटते. तींत दोन गोष्टी लिहावयाच्या: काय करावयाचें, आणि कोणत्या प्रसंगीं. प्रसंगाच्या जागीं "एक्झिट" लिहिलें, तर बॅश शेल कोणत्याही वाटेनें बाहेर पडतांना, म्हणजे पहिल्या तिन्ही रीतींत, तें काम करूनच जातो. कांहीं लहान शेलांत, उदाहरणार्थ डेबियन व उबुंटू यांच्या अंतर्गत स्क्रिप्टांसाठीं वापरल्या जाणाऱ्या डॅशमध्यें, सिग्नलनें मरण आलें तर एक्झिटचा ट्रॅप चालत नाहीं. तेथें हप, इंट व टर्म यांना वेगवेगळे ट्रॅप लावून प्रत्येकांत अनुक्रमें "एक्झिट १२९", "एक्झिट १३०" व "एक्झिट १४३" एवढेंच म्हणावें. म्हणजे सिग्नलचें रूपांतर साध्या निर्गमनांत होतें आणि एक्झिटचा ट्रॅप आपली कामगिरी बजावतो.

हें मृत्युपत्र लिहितांना कांहीं पथ्यें पाळावीं लागतात.

पहिलें पथ्य असें कीं, आवराआवरीच्या आज्ञा एका फंक्शनमध्यें एकत्र कराव्या. मीं त्याचें नांव "आवर" ठेवलें आहे. आणि ट्रॅपमध्यें फक्त त्याचें नांव घ्यावें. कारण एकाच प्रसंगासाठीं दुसऱ्यानें ट्रॅप लावला कीं पहिला रद्द होतो. पहिल्यांत फोल्डर पुसण्याची व दुसऱ्यांत पाटी काढण्याची आज्ञा लिहाल, तर पाटी निघेल आणि फोल्डर राहील.

दुसरें पथ्य जागेचें. मृत्युपत्र आजार बळावल्यावर लिहीत नाहींत. ट्रॅप पसारा मांडण्यापूर्वीं लावावा. तात्पुरत्या फोल्डरच्या नांवाची जागा आधीं कोरी ठेवावी, मग ट्रॅप लावावा, मग फोल्डर निर्माण करून त्याचें नांव त्या जागीं भरावें. आणि "आवर" मध्यें, ती जागा कोरी नसेल तरच पुसण्याची आज्ञा द्यावी. ही शेवटची अट कोणीं क्षुल्लक समजूं नये. २०१५ सालच्या जानेवारींत स्टीम ह्या संगणकीय खेळांच्या प्रणालीच्या लिनक्सवरील स्क्रिप्टचा असाच एक दोष उघडकीस आला. "अमुक फोल्डर, त्यापुढें तिरकी रेघ, त्यापुढें सर्व कांहीं पुसा" अशी तींत आज्ञा होती. फोल्डरचें नांव कांहीं कारणानें कोरें राहिलें. उरली फक्त तिरकी रेघ. आणि नुसत्या तिरक्या रेघेचा अर्थ, सबंध संगणकाचें मूळ! एका वापरणाऱ्याच्या सर्व खाजगी फाईली, जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरील प्रतींसह, पुसल्या गेल्या. केर काढणारा हातच घर मोडूं शकतो, तो असा.

तिसरें पथ्य अवतरणचिन्हांचें. ट्रॅपमध्यें आज्ञा थेट लिहावयाची असेल तर ती एकेरी चिन्हांत लिहावी. दुहेरी चिन्हांत लिहिली तर फोल्डरचें नांव त्याच क्षणीं वाचलें जातें, आणि त्या क्षणीं तें कोरें असतें. एकेरी चिन्हांत तें जातेवेळीं वाचलें जातें. फंक्शनचें नांव घेतलें तर हा प्रश्न सहसा येत नाहीं.

चौथें पथ्य निकालाच्या आंकड्याचें. "आवर" मध्यें आपण स्वतः "एक्झिट" म्हणणार असूं, किंवा निकाल पाहून कांहीं ठरविणार असूं, तर त्याची अगदीं पहिली ओळ तो आंकडा जपून ठेवण्याची असावी. कारण पुढची प्रत्येक आज्ञा जुना आंकडा पुसून आपला मांडते. केर काढण्याचें यश हें मुख्य कामाचें यश म्हणून मिरवूं नये.

पांचवें पथ्य मला दुसऱ्या ठेचेनें शिकविलें. ट्रॅपचें ज्ञान झाल्यावर उत्साहाच्या भरांत मीं पाटी काढण्याची आज्ञा त्यांत घातली, पण ट्रॅप लावला पाटी तपासण्याच्या आधीं. परिणाम असा कीं, दुसरी स्क्रिप्ट येई, पहिलीची पाटी पाही, परत फिरे, आणि जातांना ती दुसऱ्याची पाटी काढून घेऊन जाई! म्हणून जें आपण मांडलें तेंच आवरावें. पाटी आपण स्वतः लावली अशी खात्री झाल्यावरच ती काढण्याची जबाबदारी "आवर" कडे द्यावी.

तात्पुरत्या फोल्डरला नांव स्वतः देऊं नये, हेंही येथेंच सांगतों. तें दुसऱ्या कोणी आधींच घेतलेलें असूं शकतें. "एमकेटेंप" ही आज्ञा उणेचिन्ह व डी या अक्षरासह दिली म्हणजे संगणकच कोणाचें नसेल असें नांव शोधून फोल्डर करून देतो, आणि त्यांत मालकाशिवाय इतरांस डोकावतां येत नाहीं.

पसारा म्हणजे नुसत्या फाईली नव्हेत. परवलीचा शब्द विचारतांना टंकलेलीं अक्षरें दिसूं नयेत म्हणून "एसटीटीवाय" या आज्ञेनें तीं झांकतात. त्याच क्षणीं कोणी कंट्रोल-सी दाबलें, तर टर्मिनल मुकें राहतें. पुढें काय टंकलें तें दिसेनासें होतें आणि माणूस घाबरतो. तीं अक्षरें पुन्हा दिसूं लागावीं ही व्यवस्थाही "आवर" मध्येंच हवी. पार्श्वभूमीवर सोडून दिलेलीं कामेंही तेथेंच थांबवावीं. आणि एक लक्षांत ठेवावें: स्क्रिप्ट एखादी लांब आज्ञा संपण्याची वाट पाहत असतां तिला एकटीला सिग्नल आला, तर बॅश ती आज्ञा संपल्यावरच ट्रॅप चालवितो. लगेच कांहीं घडलें नाहीं म्हणून उतावीळपणें नऊ क्रमांकाचा घाव घालूं नये.

शेवटीं उरली चौथी रीत, वीज जाण्याची. तेथें ट्रॅपचा इलाज नाहीं. वीज जातांना निरवानिरव करण्यास वेळच मिळत नाहीं. नऊ क्रमांकाच्या सिग्नलचेंही तसेंच. म्हणून त्यावरचे उपाय जातांना करावयाचे नसून आधींच योजावयाचे असतात. मी दोन सांगतों. पक्की फाईल थेट तिच्या खऱ्या नांवानें लिहूं नये. त्याच डिस्कच्या त्याच विभागावर "अर्धवट" अशा नांवानें ती पुरी लिहावी, आणि मग "एमव्ही" या आज्ञेनें नांव बदलावें. हा नांवाचा बदल एका दमांत होतो. त्यामुळें स्क्रिप्ट मध्येंच मेली, तरी अर्धी प्रत खऱ्या नांवानें वावरत नाहीं. दुसरा उपाय पाटीऐवजीं खऱ्या कुलपाचा. लिनक्सवर "एफलॉक" ही आज्ञा आहे. तिचें कुलूप फाईलच्या असण्यांत नसतें. संगणकाचा गाभा तें स्वतः धरून ठेवतो आणि धरणारें काम संपलें, कसेंही संपलें, कीं सोडून देतो. फाईल मागें राहिली तरी बिघडत नाहीं. हें मला त्या २२ रात्रींपूर्वीं ठाऊक असतें तर पुढचें सगळेंच टळलें असतें.

आतां माझी स्क्रिप्ट तीस ओळींची झाली आहे. कुलूप मिळालें नाहीं तर ती १ हा आंकडा देऊन जाते. शिवाय एक दुसरी, चार ओळींची स्क्रिप्ट रोज सकाळीं नवीन प्रतीची तारीख पाहते, आणि प्रत एका दिवसाहून जुनी असेल तर टर्मिनल उघडतांच मला मोठ्या अक्षरांत बजावते. कामानें आपली साक्ष आपणच द्यावी आणि ती आपण मानावी, हें मीं सोडून दिलें आहे. परीक्षेचे पेपर विद्यार्थ्यानेंच तपासावयाचे नसतात.

आपल्या घरांत अशा स्क्रिप्टा लिहिणारें कोणी असेल, तर आज रात्रीं एक प्रयोग करून पाहावा. स्क्रिप्टच्या मध्यावर "स्लीप ३०" अशी ओळ घालावी, म्हणजे ती अर्धा मिनिट थांबेल. तेवढ्यांत एकदां कंट्रोल-सी दाबावें. एकदां दुसऱ्या खिडकींतून "किल" द्यावें. एकदां मुद्दाम नसलेली आज्ञा लिहून ती चुकवावी. प्रत्येक वेळीं निकालाचा आंकडा पाहावा, आणि तात्पुरत्या जागेंत काय उरलें तें पाहावें. सर्व सुरळीत चाललें असतां स्क्रिप्ट कशी वागते तें आपण रोजच पाहतों. ती अडखळल्यावर कशी वागते तें मुद्दाम पाहावें लागतें, आणि तें पाहण्याची वेळ आपण निवडलेली बरी.

आत्यांच्या पूर्वींच्या बैठका शाबूत आहेत. त्या आतां तीन ठिकाणीं ठेवल्या आहेत, आणि रविवारीं त्यांतील एखादी माझी नात लावून ऐकते. ज्या ओव्या नाहींत त्यांतल्या दोनतीन मला आठवतात. त्या मीं वहींत लिहून ठेवल्या आहेत. चाल मात्र लिहितां येत नाहीं.